नऊ चौकोन, त्यातला एक लाल

मुरली,

तुझी बातमी आतल्या पानावर येऊन गेली. वय, गाव, शिक्षण, मागे कोण, अंत्यविधी कुठे, सगळं तिच्यात होतं. मीच लिहिली. जागा कमी पडली तर शेवटून कापता यावी अशी लिहिली, आणि खरोखरच शेवटच्या दोन ओळी कापल्या गेल्या. तुझ्या कामाबद्दल होतं ते त्याच ओळींत. म्हणून पुरवणीसाठी हे वेगळं लिहितो आहे.

काल तुझा दहावा झाला. घरी आलो, पाय धुतले आणि बसून राहिलो. आता तुझ्याशी भांडावं लागणार नाही, एवढी एक सोय झाली आहे. वीस-पंचवीस वर्षं आपलं एकच भांडण चाललं होतं आणि ते तू अर्ध्यावर टाकून गेलास. चौकोन कशाचा असतो? तू म्हणायचास, कशाचाच नसतो, तो चौकोन असतो. मी म्हणायचो, माणूस बघायला लागला की तो कशाचा तरी होतोच.

आपल्या दोघांपुरतं हे चाललं असतं. पण तू गेल्यानंतर दोन-तीन दिवसांनी अंकुश आमच्या ऑफिसात आला. तुझा हा धाकटा भाऊ टेंभुर्णीहून जालन्याला आला की आधी तुझ्या दुकानात टेकायचा, मग बाकीची कामं करायचा. त्या दिवशी एसटीतून उतरून तो सरळ माझ्याकडे आला. खिशात तुझा एक फोटो होता, रेशनकार्डासाठी काढलेला.

"साहेब, दादाचा बोर्ड करायचाय. दहाव्याला चौकात लावायला. मजकूर तुमी द्या. फोटो मोठा घ्यायचा, खाली ज्योत, दोन्ही बाजूनं कमळं, मागं ढग. सगळ्यांचा असतोय तसा."

"वहिनींना विचारलंस?"

"वहिनी ऐकून न्हाई राह्यल्या. बोर्ड करा म्हणतात, पण फोटो नको, ढग नको. मंग काय मोकळं कापड लावू का दादाच्या नावानं? लोक म्हणतील, भावाला फोटोचा खर्चा बी जड झाला."

तो रागावलेला नव्हता. त्याला रडायचं होतं आणि कामाच्या गडबडीत ते राहून गेलं होतं. मी त्याला चहा मागवला. त्याने फोटो टेबलावर ठेवला आणि चहा होईपर्यंत त्याच्यावर बोट ठेवून बसला, पंख्याने उडू नये म्हणून.

तुझ्या दुकानात ढग मिळत नाहीत हे अर्ध्या जालन्याला माहीत होतं. शेवटची काही वर्षं तू फ्लेक्सवर काढलीस. वाढदिवस, निवडी, श्रद्धांजल्या. गिऱ्हाईक म्हणायचं, "मागं जरा ढग टाका." तू मान वर न करता म्हणायचास, "ढग संपलेत. सोमवारी येतील." काही जण हसून ढगांशिवाय बोर्ड घेऊन जायचे. बाकीचे शेजारच्या दुकानात जायचे. शेजाऱ्याने तेवढ्यावर दुसरं मशीन घेतलं.

तर वहिनींचं म्हणणं असं होतं की ज्या माणसाने आयुष्यभर एक गोष्ट नको म्हटली, ती त्याला मेल्यावर तरी चिकटवू नका. अंकुशचं म्हणणं होतं की भावाला चार लोकांनी ओळखलं पाहिजे. दोघंही बरोबर होते. निर्णय माझ्यावर टाकून अंकुश पाचच्या गाडीने परत गेला.

तू एक्क्याऐंशी साली मुंबईहून आलास तेव्हा जालना नुकताच जिल्हा झाला होता आणि आमच्या पेपरात खिळ्यांची जुळणी जाऊन ऑफसेट यायचं होतं. पान आखून मजकूर चिकटवणारा माणूस हवा होता. तू कलाशाळेतून शिकून आलेला, सोबत पोस्टरांची एक गुंडाळी. तुझ्या मास्तरांनी परदेशातून आणलेली. एकावर नुसते तीन पट्टे होते. एकावर मोठा गोल आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख. तू म्हणालास, हे गाण्याच्या मैफलीचं पोस्टर आहे. त्यात ना वाद्य होतं ना गवई.

तू समजावलंस ते मला अजून आठवतं, कारण मी उपसंपादकाच्या सवयीने ते मनात छोटं करून घेतलं होतं. तिकडच्या काही चित्रकारांनी ठरवलं की चित्रात झाड, डोंगर, बाई काही आणायचं नाही. झाडावरून सुचलेलंसुद्धा नको. रेघ, रंग आणि चौकोन हेच खरे, भिंतीसारखे ठोस. म्हणून त्या कलेला त्यांनी काँक्रीट असं नाव दिलं. त्यांच्यातलेच काही जण पोटासाठी पोस्टरं आणि पुस्तकांची पानं आखत होते, त्यामुळे चित्रातली शिस्त छपाईत उतरली. आधी पानावर अदृश्य जाळी आखायची, मग तिच्या घरांत अक्षरं आणि मोकळी जागा बसवायची. शोभेचं काही नको.

टेंभुर्णीत तुझ्या वडिलांनी पारावर सांगितलं की पोरगं मुंबईहून काँक्रीट शिकून आलं. दुसऱ्याच दिवशी एक जण आपल्या घराचा स्लॅब दाखवायला तुला घेऊन गेला.

"सांगायचंस ना त्याला," मी म्हटलं.

"कशाला? गेल्तो की बघायला. सळयांची जाळी काय बराबर बांधली होती गड्यानं. तासभर बघत बसलो."

तू लावलेलं पहिलं पान संपादकांनी हातात घेतलं. मथळे डावीकडून सरळ सुरू होत होते आणि उजवीकडे जिथे संपतील तिथे संपत होते. ते म्हणाले, "काय रे, उजवीकडून उंदरानं कुरतडलं का?" तू म्हणालास, "उंदीर असता तर बातमी बी गेली असती साहेब." जाहिरातवाल्याने मधल्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं, "ही जागा उरली का?" "उरली न्हाई. ठेवली." तो त्या दिवसापासून तुझ्याशी बोलेनासा झाला. मोकळ्या जागेचं त्याला जे दुःख होतं, ते पोटाचं दुःख होतं.

जाळी आपल्या अक्षरांना जशीच्या तशी चालत नाही, हे तुझं तुलाच कळलं. परदेशी अक्षर खालच्या रेघेवर उभं असतं. आपलं अक्षर वरच्या रेघेला दोरीवरच्या धोतरासारखं लटकतं. म्हणून तू पान वरून मोजायला लागलास. आज इथले दोन-तीन पेपर तसंच मोजतात. कोणी सुरू केलं ते त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि तुझ्यासमोर मी ते एकदाही बोललो नाही. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

मी त्याऐवजी तुला डिवचायचो. कापसाच्या रानात उभ्या-आडव्या रेघा ओढतात आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे सरकी टोबतात. चौफुली म्हणतात तिला. मी म्हणायचो, "मुंबईला कशाला गेलास? तुझा बाप दर जूनमध्ये हीच जाळी आखतो."

"बाप सरकीसाठी आखतो," तू म्हणायचास. "मी कशासाठीच आखत न्हाई. तेवढाच फरक."

तू पेपर सोडून बियाण्याच्या कंपनीत गेलास ते पाकिटांसाठी. जालन्यात त्या वेळी प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी बियाणं विकत होतं आणि प्रत्येक पाकिटावर तेच: फुटलेलं बोंड, लक्ष्मी, हसणारी बाई. तुझ्या शेठजींना वेगळं काहीतरी हवं होतं. वेगळं म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं. ते तुझ्या पथ्यावर पडलं. तू पांढरं पाकीट केलंस. त्यावर नऊ चौकोन, तीन ओळींत तीन तीन. उभं अंतर कमी, आडवं जास्त. आठ हिरवे आणि मधल्या ओळीत उजवीकडचा एक लाल. खाली वाणाचं नाव. बस.

शेठजींनी पाकीट उलटंसुलटं केलं. "बोंड कुठंय?"

"आत."

ते इतके हसले की पाकीट मंजूर झालं. तुझं आयुष्य त्या पाकिटावर पणाला लागलं होतं हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. मला तू संध्याकाळी सांगितलंस. मुंबईत राहिला असतास तर अशी चित्रं दहा जणांनी भिंतीवर पाहिली असती. इथे ती घराघरात जाणार होती, कशाचंही चित्र नसलेलं चित्र, आणि लोक ते घेणार होते. ते टिकलं तर परत येण्याला अर्थ होता. नाही टिकलं तर तू नुसता परत आलेला माणूस होतास.

पुढच्या वर्षी पेरणीच्या आधी आपण शेठजींच्या दुकानात बसलो होतो. वडीगोद्रीकडचे किसनमामा आले. नात्याने ते कोणाचेच मामा नव्हते. सगळा बाजार त्यांना मामा म्हणायचा.

"शेठ, ते तुरीवालं पाकीट द्या."

"मामा, आपण तूर न्हाई ठेवत. कापूसच हाय."

"कापसाचंच ओ. ज्याच्यावर तूर कुठं लावायची ते दावलंय, ते."

शेठजींनी पाकीट पुढे केलं. मामांनी चौकोनांवर बोट ठेवून आपल्याला शिकवलं. "हे हिरवे म्हंजी कापूस. उभं अंतर कमी, आडवं जास्त. बिलकुल बराबर. आन हा लाल म्हंजी तूर. आठाला एक. गेल्या साली तशीच टोबली."

तू पुढे झालास. तुझा आवाज बदललेला होता. "मामा, ते नुसते चौकोन हायत."

"चौकोनच हायत की. मंग काय गोल टोबू?"

"तसं न्हाई. ते कशाचेच न्हाईत."

"कशाचेच न्हाईत तर छापले कशाला? शेठकडं कागद जास्ती झाला का?"

दुकानात होते नव्हते ते सगळे हसले. मीही हसलो. मी मामांना विचारलं, पीक कसं आलं. ते म्हणाले, कापूस यायचा तेवढाच आला, घरच्या डाळीची मात्र सोय झाली. गावातले आणखी चार जण यंदा तसंच टोबणार होते.

रस्त्यात मी तुला म्हटलं, तू जिंकलास. ज्याला पाकिटावरचं अक्षर वाचायची सवय नाही, त्या माणसाने तुझी जाळी बघितली आणि तिच्यावर विसंबून रान लावलं. तिकडच्या कुठल्या पोस्टरवाल्याला हे साधलं असेल?

"वाचलं त्यांनी," तू म्हणालास. "वाचायला न्हवतं ते. बघायला होतं."

पुढचं लवकर झालं. शेठजींना मागणी दिसली. त्यांनी लाल चौकोनात तुरीचं पान काढायला सांगितलं आणि बाजूला अंतराचे आकडे. तू नाही म्हणालास. ते समजुतीने बोलले, तू आणखी एकदा नाही म्हणालास आणि घरी आलास. पुढच्या हंगामात पाकिटावर बोंड आलं, हसणारी बाई आली. तुझे नऊ चौकोन वरच्या कोपऱ्यात टिकलीएवढे होऊन राहिले, कारण लोक दुकानात त्यांच्यावरच बोट ठेवत होते. मी म्हणायचो, बघ, राहिले. तू म्हणायचास, शिक्का झाला त्यांचा. त्यानंतर लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, मग फ्लेक्स. आणि दर काही महिन्यांनी तेच भांडण, माझ्या ऑफिसात किंवा तुझ्या दुकानात. वहिनी एकदा म्हणाल्या, "तुमचं दोघांचं लग्न लावून द्यायला पायजे होतं. मी मोकळी झाले असते."

दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा तू बराच वेळ खिडकीच्या गजांकडे बघत होतास. नर्सने सलाईन बदललं. मग तू मला विचारलंस, "किसनमामा अजून लावत्यात का तशी तूर?"

मला माहीत होतं. लावत होते. मी तसं सांगितलं. तू मान हलवलीस. त्यात राग होता की दुसरं काही, हे मी तुझ्या तोंडावरून काढायचा प्रयत्न केला. आयुष्यभर माणसांची तोंडं बघून बातमी काढली, ही निघाली नाही. नंतर तू झोपलास.

तर बोर्ड. मी अंकुशला फोन करून सांगितलं की वहिनींचं ऐकायचं. पांढरं कापड, नऊ चौकोन, आठ हिरवे, एक लाल. अंतरं मी जुन्या पाकिटावरून मोजली. खाली डावीकडे तुझं नाव, गाव, दुसरं काही नाही. फाईल पाठवल्यावर तासाभरात फ्लेक्सवाल्याचा फोन आला.

"साहेब, फॉन्ट उडालाय तुमचा. फोटोच्या जागी नुसते डबे दिसून राह्यलेत."

"डबेच आहेत ते. छापा."

"रंगीत डबे? श्रद्धांजलीला?" मग त्याला खालचं नाव दिसलं असावं. "मुरलीभाऊंचा बोर्ड का? मंग बराबर हाय."

दहाव्याच्या सकाळी बोर्ड चौकात लागला. अंकुश त्याच्याकडे पाठ करून उभा होता. येणाऱ्या पाहुण्यांना घराचा रस्ता सांगायला लागेल म्हणून थांबलोय, असं तो म्हणाला. खरं म्हणजे कोणी काही बोललं तर आपण पुढे असावं, यासाठी. बरेच जण बोर्डाकडे बघून पुढे गेले. एकाने विचारलं, सरकारी योजना आहे का. अंकुशने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

दहाच्या सुमारास किसनमामा आले. आता खूप वाकले आहेत, नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. उतरले, बोर्डाकडे गेले, काठी बगलेत धरली आणि त्या नऊ चौकोनांना हात जोडले. अक्षरांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. अंकुश वळून हे बघत होता. त्याला जे रडायचं राहिलं होतं, ते तिथे झालं.

मामा नंतर माझ्याजवळ बसले. म्हणाले, "लई गुणाचा माणूस. दर साली यायचा."

"कुठे?"

"माझ्या रानात. तूर फुलली की यायचा. बांधावर उभा राहून बघत राह्यचा. मी एकदा म्हणलं, काय बघून राह्यले येवढं? तर म्हणले, काय न्हाई मामा, हिरवं आन पिवळं." मामांनी पाण्याचा घोट घेतला. "एकदा म्हणले, त्यो चौकोन म्या एक घर डावीकडं घ्यायला पायजे होता. मी म्हणलं, सांगा, पुढच्या साली तिकडं टोबतो. तर हसले. म्हणले, नका, लोक बिथरतील."

दर साली, मुरली. इतकी वर्षं तू मला सांगत राहिलास की त्या माणसाने तुझं चित्र बिघडवलं, आणि पीक भरात आलं की त्याच्या बांधावर जाऊन उभा राहत होतास. जालन्याहून वडीगोद्री काही जवळ नाही. दवाखान्यात मला विचारलंस तेव्हा त्याचं उत्तर तुला माझ्या आधीपासून ठाऊक होतं. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, जात होते. पाहुण्याकडं जातो म्हणायचे. परत आले की जेवण चांगलं जायचं." मला का सांगितलं नाही, याचं उत्तर मी काल रात्रीपर्यंत शोधत होतो. सांगितलं असतंस तर भांडण मिटलं असतं आणि मग आपण भेटून काय बोलणार होतो, एवढंच सापडलं.

एक गोष्ट तुझ्या विरोधात नोंदवतो. काल चौकात ते चौकोन कशाचेच नव्हते असं नाही. ते तू होतास. मामांनी हात जोडले ते तुलाच. हे ऐकून तू काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे आणि ते आता ऐकावं लागणार नाही. ते ऐकायला मिळणार नाही, असंही लिहिता येईल. दोन्ही ठेवतो.

आज दुपारी अंकुश टेंभुर्णीला परत निघाला. बोर्ड उतरवून त्याने घडी घातली होती. म्हणाला, "वहिनी, हे मी नेऊ का? कडब्याच्या गंजीवर टाकायला. दादाचा फोटो न्हवता ते एक बरं झालं बघा. फोटो असता तर कुठं टाकताच आला नसता." मग त्याला वाटलं आपण भलतंच बोललो, आणि त्याने घडी वहिनींपुढे धरली.

वहिनींनी घडी हातात घेऊन थोडी उलगडली. लाल चौकोन वर आला.

"न्या," त्या म्हणाल्या. "छापलेली बाजू वर करा."

तो गेला. उद्या ते चौकोन टेंभुर्णीत गंजीवर पसरलेले असतील, चारी कोपऱ्यांना दगड. रस्त्याने जाणाऱ्याला तिथे तुझं नाव दिसणार नाही, ते दुमडलेल्या कडेखाली जाईल. तूरही दिसणार नाही, कारण तो पाकीट हातात घेऊन उभा नसेल. पिवळ्या कडब्यावर आठ हिरवे आणि एक लाल दिसेल. कशाचे आहेत, हे तिथे कोणी विचारणार नाही.